बर्फाच्या बंगल्याचे अण्णा

माझं माहेर अकलूजचं. सोलापुरातून एसटी निघाली की चिंचोळी एमआयडीसी मागे पडते आणि थोड्या वेळाने डाव्या हाताला एक उंच, उतरतं लाल छप्पर दिसतं. गाडीत कुणीतरी नवखा असतोच. तो शेजारच्याला विचारतो, "हे काय हो? देऊळ म्हणावं तर कळस नाही, कारखाना म्हणावं तर धुराडं नाही." शेजारचा सांगतो, "बर्फाचा बंगला होता की. पडला बंद." तेवढ्यात छप्पर मागे गेलेलं असतं. दर वेळी मी बघायचं नाही असं ठरवते, मोबाइल काढते, आणि तरी बघतेच.

बंद पडला नाही हो, बंद केला. पडणं वेगळं आणि पाडणं वेगळं. पण एसटीत कुणाकुणाला समजावत बसणार?

ते छप्पर इतकं उतरतं का, तर वर साठलेला बर्फ घसरून खाली पडावा म्हणून! सोलापुरात! मे महिन्यात जिथे कावळासुद्धा कडुलिंबाची सावली सोडत नाही, तिथे. कुणा इंजिनिअरने परदेशातल्या स्कीच्या लॉजचं चित्र समोर ठेवून जसंच्या तसं उतरवलं होतं. आत मोठा लाकडी दिवाणखाना, भिंतीवर फुली मारल्यासारख्या अडकवलेल्या दोन फळ्या, फायबरचं सांबराचं डोकं. शेकोटीही होती. त्यात खोटी लाकडं आणि त्यांच्या मागे लाल बल्ब. माणसं बाहेरच्या उन्हातून घाम पुसत यायची आणि आल्या आल्या त्या बल्बपुढे हात शेकत फोटो काढायची. मागे पत्र्याची प्रचंड शेड. तिच्यात यंत्राने केलेला बर्फ, आणि त्या बर्फाचा एक उतार. पायाला फळ्या बांधून वरून खाली घसरायचं. जेवायला कडक भाकरी, शेंगाचटणी, आमटी. खोल्यांत पांघरायला अर्थातच सोलापुरी चादर. पाटीवर इंग्रजीत काहीतरी लांबलचक नाव होतं, ते मालक सोडून कुणालाच धड म्हणता यायचं नाही.

मी तिथे तिकीट खिडकीवर होते. लाउडस्पीकरवरून "कोट परत केल्याशिवाय बाहेर जाऊ नये" हे सांगायचं कामही माझंच. हसू नका, माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात चांगली नोकरी होती. ती चांगली होती ती महालिंगअण्णांमुळे, आणि तिची आठवण आज नकोशी होते तीही त्यांच्याचमुळे.

अण्णा बंगल्याचे मॅनेजर. उंच, काटकुळे, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. शेडमध्ये जाताना माकडटोपी घालायचे, पण पट्टे झाकले जाऊ नयेत म्हणून तिची कड वर दुमडलेली. गळ्यातलं लिंग आधी स्वेटरच्या आत नीट सारायचे, मग दार उघडायचे. मी एकदा विचारलं, "अण्णा, महादेव कैलासावर राहतो ना? त्याला कसली आलीय थंडी?"

"तितली सवय हाय त्याला," अण्णा म्हणाले. "हितला बर्फ त्याला नवा की."

अक्कलकोटकडचे. घरात कन्नड, बाहेर मराठी. मला ते तंगी म्हणायचे, म्हणजे धाकटी बहीण. मालकाला तम्मा म्हणायचे, म्हणजे धाकटा भाऊ. मालकाचं नाव सुहास. आम्ही सगळे सुहासशेठ म्हणायचो. सुहासशेठच्या वडिलांचा बर्फाच्या लाद्यांचा कारखाना होता आणि अण्णा तिथे तरुणपणापासून फोरमन. लहानपणी सुहासला सिद्धेश्वराच्या, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेला न्यायचं ते अण्णांनीच, खांद्यावर बसवून. पुढे घरोघर फ्रीज आले, लाद्यांना गिऱ्हाईक उरलं नाही. मग सुहासशेठने या बंगल्याचं डोक्यात घेतलं. बर्फ म्हटलं की अण्णा, हे ओघानेच आलं.

"बर्फ म्हंजे रुसलेलं पानी हाय," अण्णा म्हणायचे. "त्येच्यावर रागं भरायचं न्हाई, गोंजारायचं." आणि खरंच, यंत्र कुरकुरायला लागलं की सगळ्यात आधी ते त्याच्या अंगावरून हात फिरवायचे. मग पाना घ्यायचे.

बंगल्यात नोकरीला माणसं अण्णांनी आणली, आणि ती कशी आणली हे सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. सोलापूरकराला कुलपाची भीती जन्मजात असते. आमच्या आधीच्या पिढीने गिरण्या बंद पडताना पाहिल्या. सकाळी डबा घेऊन गेलेला माणूस फाटकावरचं कुलूप बघून परत यायचा आणि घरात कुणाशी न बोलता भिंतीकडे तोंड करून झोपायचा. माझ्या सासऱ्यांनी हे केलेलं आहे. उमाकांतच्या वडिलांनीही. उमाकांत एमआयडीसीत यंत्रावर कायम नोकरीत होता. बर्फाच्या खेळासाठी ती नोकरी सोड म्हणजे काय? त्याची बायको अण्णांपुढे चहा ठेवायलाही तयार नव्हती.

अण्णा त्याच्या ओट्यावर बसले. म्हणाले, "उमाकांत, बंगला कायम चालंल आसं मी म्हनत न्हाई. कंचीबी गोष्ट कायम न्हाई. पर बंद व्हायची येळ आली, तर तुला कुलूप बगून कळनार न्हाई. माज्या तोंडातनं कळंल. आदी कळंल. दुसरं कायतर बगायला सवड मिळंल, आसं कळंल. ह्यो माजा शब्द."

"आन शेठनं तुमालाच न्हाई सांगितलं तर?"

"तम्मा? मला न्हाई सांगनार?" अण्णांना हा प्रश्नच कळला नाही. ते हसले. "आरं, माज्या खांद्यावर वाढलाय त्यो."

हाच शब्द त्यांनी शकीलाभाभींना दिला, मला दिला. शकीलाभाभी शहरात एका शिलाई कारखान्यात होत्या, त्या कोटांच्या काउंटरवर आल्या. आम्ही काय सुहासशेठला बघून आलो होतो? त्याला ओळखत कोण होतं? आम्ही अण्णांचं तोंड बघून आलो.

आता अण्णांच्या शिकवण्याबद्दल. उतारावर नव्या माणसाला उभं करायचं काम ते दुसऱ्या कुणाला देत नसत. स्वतः कधी खरा बर्फ पाहिला नव्हता, पण तोल त्यांना माहीत होता. तरुणपणी सिद्धेश्वराच्या यात्रेत ते नंदीध्वज पेलायचे. बाहेरच्यांसाठी सांगते. तो उंचच उंच, सजवलेला काठीचा ध्वज असतो. बाराबंदी घातलेला माणूस तो कमरेशी तोलून चालतो. आम्ही नुसतं काठी म्हणतो. वय झाल्यावर अण्णा पोरांना सरावात शिकवायचे. काठी पेलणाऱ्याने नजर वरच्या शेंड्यावर ठेवायची, हा तिथला पहिला धडा. खाली बघितलं की काठी गेली.

तोच धडा अण्णा उतारावर द्यायचे. कोट घालून फुगलेला एखादा कारखान्याचा संचालक फळ्यांवर उभा राहून थरथरत पायाकडे बघत असला, की अण्णा ओरडायचे, "सायेब, वर बगा! पायाकडं बगू नका! पाय कुटं पळून जात न्हाईत!" संचालक वर बघायचे आणि खरंच सरळ खाली यायचे. मग खाली पोचल्याच्या आनंदात आडवे व्हायचे.

एकदा करकंबहून सहल आली होती. तीत एक म्हातारी, नऊवारीवर कोट, पायात गमबूट. आत गेली, बर्फाला हात लावला आणि पदराखालून स्टीलचा डबा काढला. घरी नातू तापाने पडला होता म्हणून सहलीला आला नव्हता, त्याच्यासाठी बर्फ न्यायचा होता. सगळे तिला समजावू लागले, आजी, करकंबला पोचेपर्यंत पाणी होईल. अण्णांनी काही समजावलं नाही. जुन्या कारखान्यात लाद्या भुशात ठेवायचे, तसा डबा त्यांनी दाबून भरला, डब्याभोवती भुसा, त्यावर पोतं, त्यावर चादरीचा तुकडा, आणि सुतळीने घट्ट बांधून दिला. म्हणाले, "आजी, वाटंत उगडून बगायचं न्हाई. बगितलं की रुसतंय." दुसऱ्या दिवशी म्हातारीने फोन लावायला लावला. मूठभर राहिला होता म्हणे. नातवाने कपाळावर ठेवून घेतला. त्या दिवशी अण्णा इतके खूश होते, की मी फुकट दोन तिकिटं फाडली असती तरी बोलले नसते.

आणि एकदा ऐन उन्हाळ्यात भरदुपारी वीज गेली. जनरेटरही बसला. शेड तापायला लागली, कडेने पाणी सुटलं. सुहासशेठ पुण्यात होता, फोनवरून नुसता ओरडत होता. अण्णा शांतपणे म्हणाले, "खोल्यांतल्या समद्या चादरी आना." आम्ही खोलीखोलीतून चादरी ओढून आणल्या. झोपलेल्या पाहुण्यांना उठवून त्यांच्या अंगावरच्यासुद्धा. सगळा उतार झाकला. पाहुणे अवाक् होऊन बघत होते. एकाने विचारलं, "बर्फाला कशाला पांघरूण?"

"तुमी थंडी आत येऊ नये म्हनून पांगरता," अण्णा म्हणाले, "त्यो थंडी भाईर जाऊ नये म्हनून."

वीज आली तेव्हा उतार शाबूत होता. त्या चादरी वाळवायला आम्हांला आठवडा लागला आणि सबंध बंगल्याला ओल्या सुताचा वास येत होता. अजूनही कुठे ओली चादर दिसली की मला आधी तो वास येतो, मग आनंद होतो, आणि मग आठवतं काय झालं ते.

त्या वर्षी दिवाळीनंतर सुहासशेठ बंगल्यावर आला. एरवी यायचा तो घाईत, फोन कानाला. त्या दिवशी मात्र त्याने सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावलं, अण्णांना शेकोटीजवळच्या खुर्चीत बसवलं आणि वाकून नमस्कार केला. म्हणाला, "अण्णांनी जन्मभर बर्फ केला, पण खरा बर्फ पाहिला नाही. मी त्यांना हिमाचलला पाठवतोय. जानेवारीत. सगळी व्यवस्था झालीय. खरा बर्फ बघतील, खरी स्कीइंग करतील, आणि येऊन आपल्याला शिकवतील."

आम्ही टाळ्या वाजवल्या. अण्णा हळूच म्हणाले, "तम्मा, जानेवारीत यात्रा हाय. काठीचा सराव..."

"अण्णा, बर्फ काय मे महिन्यात बघणार? एक वर्ष नाही गेलात तर सिद्धेश्वर रागावणार नाही. आणि यात्रेच्या आठवड्यात आपण बंगलाही बंदच ठेवू. सगळ्यांना सुट्टी. यंत्रांची दुरुस्ती उरकून घेऊ."

आम्ही परत टाळ्या वाजवल्या. आपल्या हातांनी. त्या टाळ्यांचा आवाज मला अजून सहन होत नाही.

अण्णांच्या निरोपाला शकीलाभाभींनी लोकरीचा मफलर विणला. उमाकांतच्या बायकोने, जिने एकेकाळी चहाही दिला नव्हता, कडक भाकऱ्यांची चळत बांधून दिली. अण्णा रेल्वेत चढले तेव्हा त्यांनी स्टेशनवरच माकडटोपी घातली होती. कड दुमडलेली, विभूती दिसत होती.

सुट्टी संपून आम्ही कामावर गेलो, तर फाटकाला कुलूप.

वॉचमन नवा होता. त्याने सांगितलं, यंत्रं यात्रेच्या दिवसांतच गेली, ट्रकांतून. विकली. जागेचंही ठरलंय. उमाकांतने तिथूनच सुहासशेठला फोन लावला, स्पीकरवर. शेठ अगदी मऊ आवाजात म्हणाला, "उमाकांत, मला वाईट वाटतंय. पण अण्णांशी बोलूनच केलंय सगळं. त्यांनी सांगितलं नाही का तुम्हांला?"

फोन बंद झाला आणि नेमकं तेव्हाच माझा मोबाइल वाजला. अण्णांचा व्हिडिओ. आमच्या सगळ्यांच्या ग्रुपवर टाकलेला. पांढराशुभ्र डोंगर, इतका की डोळे दिपावेत. वरून अण्णा येतायत, पायाला फळ्या, गळ्यात भाभींचा मफलर, तोंड आभाळाकडे. अगदी सरळ, काठी पेलावी तसे. खाली आल्यावर पडतात, लोळतात, आणि तोंडात बर्फ गेलेला असतानाच ओरडतात, "तम्मा, नोडो! बग रे, बग! तंगी, उमाकांत, बगा समदी!" आणि हसतात. मी त्यांना कधी इतकं हसताना पाहिलं नव्हतं.

उमाकांतने तो व्हिडिओ कुलपासमोर उभा राहून बघितला आणि म्हणाला, "हसतोय बग म्हातारा. आमाला विकून हसतोय." मग अण्णांचे फोन येत राहिले. कुणी उचलले नाहीत. मीही नाही. मला इतका राग आला होता, की त्यांचं नाव पडद्यावर दिसलं की मी मोबाइल पालथा ठेवायचे.

आम्ही आळीपाळीने फाटकाशी जाऊन बसत होतो. कशासाठी, ते आमचं आम्हांलाही ठाऊक नव्हतं. शेठ नाहीतर निदान जागा घेणारा कुणी येईल, काही बोलेल, अशी वेडी आशा. एका सकाळी वडापची, माणसं कोंबून नेणारी जीप थांबली आणि अण्णा उतरले. स्टेशनवरून घरी न जाता थेट तिथे. बर्फातल्या उन्हाने नाकाची सालं निघालेली, तोंड काळवंडलेलं, खांद्याला पिशवी. हातात प्लास्टिकची बाटली, पोत्याच्या तुकड्यात गुंडाळलेली.

"फोनला रेंज न्हाई का तुमच्या? आन फाटक का लावलंय? सुट्टी संपली की." मग बाटली वर धरून म्हणाले, "हे बग तंगी, खऱ्या बर्फाचं पानी. विरजन हाय. यंत्राच्या टाकीत ह्येच्यातलं थोडं घालायचं. मग बग हितला बर्फ कसा खरा लागतोय."

"अण्णा, नाटक बास की आता. शेठ बोलला, तुमाशी बोलूनच इकलंय समदं," उमाकांत म्हणाला.

शकीलाभाभी पुढे झाल्या. त्या रडत होत्या. "अण्णा, तुमकु मालूम नै था, इत्ता बोलो. बस. हम मान लेते."

अण्णांनी आमच्याकडे पाहिलं, कुलपाकडे पाहिलं. फाटकाच्या गजांतून आत पाहिलं. शेडचं दार सताड उघडं होतं आणि आत काही नव्हतं. मग मला म्हणाले, "तंगी, तुजी गाडी हाय न्हवं? मला तम्माकडं सोड."

स्कूटीवर मागे बसलेल्या त्यांना मी विचारलं, "अण्णा, तुम्हांला माहीत नव्हतं ना? मग तिथे बोलला का नाहीत?"

"बोललो आसतो तर तम्मा खोटा ठरला आसता. आदी त्याला इचारतो."

मला गाडी तिथेच थांबवून त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. तेव्हाही! तेव्हाही त्यांना आपल्या नावाआधी त्याचं नाव जपायचं होतं.

सुहासशेठ घरी होता. अण्णांना बघून लगबगीने आला आणि पायाच पडला. अण्णा उभेच होते. त्यांनी एवढंच विचारलं, "मला का न्हाई सांगितलंस?"

शेठ म्हणाला, आणि हे मात्र खरं बोलला, "तुम्ही इथे असता तर फाटकातून एक ट्रक बाहेर पडू दिला नसता. आणि तुमच्या डोळ्यांदेखत मलाही जमलं नसतं, अण्णा. म्हणून तुम्हांला पाठवलं. आणि लोकांनी गोंधळ घालू नये म्हणून सांगितलं, की अण्णांशी बोललोय. तुमच्या नावावर ते गप्प बसतात."

मी दारात उभी होते. सगळं ऐकलं. अण्णा ओरडतील, निदान रडतील असं वाटलं. ते म्हणाले, "मग बर्फ बगायलाच कशाला रं पाठवलंस? दुसरीकडं कुटंबी पाठवायचं हुतंस. काशीला पाठवायचंस. मी गेलो आसतो की. ते येक तर माजं राहिलं आसतं."



अण्णांनी बाटली टीपॉयवर ठेवली. "हे तुज्यासाठनं आनलं हुतं. आता येकच कर. उद्या सकाळी फाटकावर ये आन समद्यांच्या म्होरं सांग, अण्णाला ठाव नव्हतं. येवढंच. दुसरं कायबी नको मला."

"येतो अण्णा. शब्द देतो."

अण्णांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. खरंच ठेवला. मी पाहिलंय.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी स्वतः निरोप पाठवून सगळ्यांना गोळा केलं. विभूती लावलेली, शर्टाला इस्त्री. "तम्मा येतोय. त्योच सांगंल," असं म्हणून फाटकाला पाठ लावून, सोलापूरच्या रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. शकीलाभाभींनी बसायला स्टूल दिलं, बसले नाहीत. गाड्या येत होत्या, जात होत्या. पांढरी गाडी दिसली की अण्णा जरा ताठ व्हायचे. ऊन चढलं, कलायला लागलं. शेठचा फोन बंद लागत होता. शेवटी मी न राहवून म्हणाले, "मी काल ऐकलंय सगळं. शेठ माझ्यासमोर बोलला. अण्णांना यातलं काही माहीत नव्हतं."

उमाकांत माझ्याकडे न बघता म्हणाला, "तू त्येंची तंगी. तू दुसरं काय सांगनार?" त्याने डबा उचलला आणि निघाला. त्याच्यामागे एकेक जण. शकीलाभाभी जाताना अण्णांच्या दंडाला हात लावून गेल्या. त्यांनी मान्य केलं की नाही, मला शेवटपर्यंत कळलं नाही.

माणसं म्हणतात, धंदा आहे, चालायचंच. यंत्रं त्याची, जागा त्याची, त्याने विकली. विकू दे की! पण अण्णांचा शब्द काय त्याच्या यंत्रासोबत आला होता? तो कुणाचा होता, आणि तो कसा विकला? मला सुहासशेठचा राग येतो तो यासाठी. आणि कधीकधी अण्णांचाही येतो. इतका विश्वास ठेवणं हीसुद्धा आपल्यावर विसंबलेल्या माणसांशी एक प्रकारची बेपर्वाईच नाही का? असं मनात येतं, आणि लगेच स्वतःचीच चीड येते.

अण्णा उमाकांतसाठी एमआयडीसीत बरेच दिवस खेटे घालत होते, असं नंतर कानावर आलं. त्याला काम लागलंही, पण अण्णांमुळे लागलं हे त्याला कुणी सांगितलं नाही. अण्णांनी तर नाहीच. पुढच्या यात्रेला सरावाची पोरं त्यांना बोलवायला गेली. अण्णा गेले नाहीत. "शब्द पेलता आला न्हाई त्यानं काठी काय शिकवायची," म्हणाले म्हणे.

गेल्या महिन्यात अकलूजहून परत येताना बसच्या खिडकीतून मला अण्णा दिसले. बंगल्यासमोर उभे. मी ओरडून गाडी थांबवली. कंडक्टर वैतागला, वैतागू दे. कुंपण एका बाजूने पडलं होतं. आम्ही दोघं आत गेलो. दिवाणखान्यात पारवे. फळ्या कुणीतरी काढून नेल्या होत्या, भिंतीवर फुलीचा फिकट डाग तेवढा राहिला होता. शेकोटीतली खोटी लाकडं जागच्या जागी, बल्ब गेलेला. शेडचे पत्रे अर्धे उचकटलेले. आत तो उतार. बर्फ नसल्यावर नुसता भेगाळलेला सिमेंटचा उतार, जिन्याखालच्या जागेसारखा ओबडधोबड. एवढ्याशा उतारावरून माणसं किंचाळत यायची, यावर माझाच विश्वास बसेना. कोपऱ्यात एक चादर पडली होती, कुजलेली. अण्णांनी ती उचलून झटकली, घडी घालायला गेले. ती हातातच फाटली.

बाहेर पायरीवर बसल्यावर म्हणाले, "तंगी, त्यो व्हिडिओ हाय का गं अजून तुज्याकडं?"

होता. मी काढून दिला. त्यांनी मोबाइल लांब धरून बघितला. त्यातून त्यांचाच आवाज आला, "तम्मा, नोडो! बग रे, बग!" आणि ते हसू. पूर्ण होईपर्यंत त्यांनी डोळे हलवले नाहीत.

"चांगलं जमलं हुतं की न्हाई?" ते म्हणाले.

"फार छान, अण्णा. एकदम सरळ आलात."

"पुसून टाक."

"अण्णा..."

"मी हसत हुतो तवा तुमी समदी हितं कुलपाभाईर उबी हुता. उमाकांतला तेवडंच दिसलं. त्येला बरुबर दिसलं. पुसून टाक, तंगी."

त्यांच्यासमोरच मी तो पुसला. त्यांनी पडद्याकडे बघून खात्री करून घेतली. मग उठले. मी म्हटलं, थांबा, दोघंही सोलापूरच्याच गाडीने जाऊ. तर म्हणाले, मला हितं फुडं येक काम हाय. काही काम नव्हतं, मला ठाऊक होतं.

माझी बस आली. मी मागच्या सीटवर बसून काचेतून बघत राहिले. अण्णा रस्त्याच्या कडेने उलट्या दिशेला चालले होते. मघाशी पायरीवर बसले होते तेव्हा त्यांच्या कपाळावर विभूती नव्हती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. रस्ता सपाट होता, चांगला होता, दगडधोंडा काही नव्हता. तरी मान खाली घालून, एकेक पाऊल टाकत, आपल्या पायांकडे बघत ते चालले होते.